गाडी वळवळायली? शॉकअपवर पैसे घालायच्या आधी हे बघा

आमच्याकडं कुणाच्या गाडीचं हँडल पन्नास-साठच्या स्पीडला थरथरायलं की पहिला सल्ला एकच मिळतो, शॉकअप बदल. दुसरा त्याच्यावर कडी, मागचे उंचीवाले टाक, गाडी दिसायला पण दणकट होते अन् वळवळ पण जाती. पहिला सल्ला कधीमधी बरोबर निघतो. दुसरा जवळपास नेहमीच उलटा पडतो. का पडतो ते पुढं येईलच, पण आधी एक समजून घ्या, गाडी खड्ड्यात आदळते हे एक दुखणं आहे आणि हँडल हलतं हे दुसरं. दोघांचा एकमेकांशी संबंध आहे, पण इलाज एक नाही, आणि इथंच लोकांचे पैसे वाया जातात.

गाडी मेन स्टँडवर लावा अन् बाजूनं पुढच्या चाकाकडं बघा. फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपचे, पाईप तिरपे असतात. ज्या दांड्यावर हँडल फिरतं त्याची रेघ तशीच मनातल्या मनात जमिनीपर्यंत खाली ओढली तर ती टायर जिथं रस्त्याला टेकतो त्याच्या थोडी पुढं जाऊन पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात, साध्या कम्युटर गाड्यांत ते साधारण ८० ते १०० एमएमच्या आसपास असतं. चाक जरा उजवीकडं वळलं की रस्ता त्याला मागून ओढून परत सरळ करतो, म्हणून गाडी चालत असताना आपोआप सरळ राहती. पण चाक सरळ येऊन तिथंच थांबत नाही, वेगात असतं ना, थोडं डावीकडं जातं, मग तिकडून परत ओढ बसते, मग पुन्हा उजवीकडं. सरकारी दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं पुढचं छोटं चाक जोरात ढकलल्यावर कसं फडफडतं ते आठवा, अगदी तेच. गाडीत ही फडफड होत नाही कारण ती मध्येच कुणीतरी गिळून टाकतं: टायरचं रबर, हँडलच्या कोनसेटचा (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा) योग्य ताण, फोर्कचा ताठपणा आणि आपले दोन हात. यातला एखादा ढिला पडला की फडफड मरत नाही, वाढत जाते. वॉबल म्हणजे हेच.

आता हलणं पण दोन प्रकारचं असतं, आणि मिस्त्रीला सांगताना कोणतं ते सांगितलं तर त्याचं अर्धं काम होतं. एक, फक्त हँडल अन् पुढचं चाक भराभर हलतं, सेकंदाला पाच-सात वेळा किंवा त्याहून जास्त, हे बहुतेक वेळा साठवरून स्पीड कमी करताना पन्नास-चाळीसच्या टप्प्यात येतं अन् हात हलके असले की जास्त जाणवतं. दोन, अख्खी गाडीच मागून सापासारखी डोलते, सेकंदाला दोन-तीन झोके, हँडल फारसं हलत नाही पण सीटखालून गाडी निसटायली असं वाटतं, आणि हे मोठ्या स्पीडला किंवा मागं वजन असताना होतं. पहिल्याचं मूळ बहुतेक पुढं सापडतं, दुसऱ्याचं मागं. हात सोडून टेस्ट करायची हौस मात्र करू नका, रस्त्यावर तर नाहीच नाही.

सुरुवात टायरपासून करा कारण तिथं पैसे लागत नाहीत. हवा सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी बघायची. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असतं, रस्ता त्याहून गरम, टायर तापून हवा वाढलेली असते, आणि दर पाच-सहा डिग्रीला साधारण १ पीएसआयचा फरक पडतो, म्हणजे दुपारी पंपावर बरोबर दिसणारी हवा सकाळी कमीच निघते. बऱ्याच १०० ते १५० सीसी गाड्यांना पुढं २५ आणि मागं एकट्याला २८ पीएसआय सांगितलेली असते, डबलसीटला मागं जास्त, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पंक्चरवाला अंदाजानं दोन्हीकडं चाळीस ठोकतो ती हवा नव्हे. मग टायरवरून तळहात फिरवा, आधी एका दिशेनं मग उलटा, रबर एका बाजूनं गुळगुळीत अन् दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं लागलं तर टायरनं कट खाल्लाय, आणि असा टायर ठराविक स्पीडला हँडल हलवणारच, वर कितीही भारी फोर्क असू द्या. नवीन टायर टाकल्यावर वळवळ सुरू झाली असेल तर टायरवरचा बाण फिरायच्या दिशेला आहे का आणि रिमच्या कडेनं टायरवर जी बारीक रेघ असते ती सगळीकडं सारख्या अंतरावर आहे का तेवढं बघा. बऱ्याचदा टायर एका ठिकाणी रिममध्ये नीट बसलेलाच नसतो.

टायर ठीक निघाला की पुढचा संशय कोनसेटवर. याला कुणी बॉल रेसर म्हणतं, कुणी हँडल बेअरिंग. फ्रेमच्या पुढच्या नळीत वर एक अन् खाली एक अशा दोन वाट्या, त्यांच्यात छऱ्यांची रांग, अन् त्यावर सगळं हँडल अन् फोर्क फिरतं. तपासायला दोन मिनिटं लागतात. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी करा, फोर्कचे खालचे दोन्ही बुडखे धरून पुढं-मागं हलवा. कट्कट् खेळ लागला तर कोनसेट ढिला, पुढचा ब्रेक दाबल्यावर हँडलमध्ये टक् असा आवाज येतो तो पण बहुतेक याचाच. मग हँडल मधोमध आणून एका बोटानं हळूच डावीकडं-उजवीकडं ढकला. ते आपल्या वजनानं दोन्हीकडं सहज पडायला पाहिजे. मधोमध आलं की अडकल्यासारखं वाटत असेल, एखाद्या खाचेत बसल्यासारखं, तर वाट्या गेल्या.

ही खाच येते कशी ते बघण्यासारखं आहे. गाडी नव्वद टक्के वेळ सरळच चालते, म्हणजे छरे वाटीवर त्याच त्या जागी बसलेले असतात, अन् प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच जागी. कोनसेट उघडल्यावर जुनी वाटी घासलेटनं धुऊन उजेडात तिरपी धरा, गोलाकार चकचकीत पट्ट्यावर ओळीनं बारीक बारीक खळगे दिसतील, छऱ्याएवढ्या अंतरानं, नख फिरवलं तर नख टकटक अडकतं. आता गाडी चालताना चाकाला जे बारीक बारीक सुधारत राहायचं असतं ते या खळग्यांमुळं जमत नाही, गाडी आधी एकीकडं कलते, मग झटका देऊन दुसरीकडं. कोनसेट फार आवळला तरी असंच होतं, वळवळ थांबायच्या ऐवजी गाडी हळू स्पीडला दारू प्यायल्यासारखी चालते, म्हणून "जरा टाईट करून द्या" हा उपाय खाच पडलेल्या वाटीवर करूच नका, एका जागी टाईट अन् दुसऱ्या जागी ढिलं होतं. नवीन सेट बदलायचा, कम्युटर गाड्यांचा तो काही शेकड्यांत येतो, वर-खालच्या दोन्ही वाट्या सकट, नुसते छरे नाही. चांगली जागा मिळाली तर छऱ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग बसवता येतं, त्यात भार रेषेवर पसरतो, ठिपक्यावर नाही, त्यामुळं खळगे लवकर पडत नाहीत. माझ्या मते इथल्या रस्त्यांना सगळ्यात पैसावसूल अपग्रेड हाच आहे, पण त्याचं कौतुक कुणी करत नाही कारण तो दिसत नाही.

जाता जाता, दसऱ्याला वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं गाडी धुतात तेव्हा तो फवारा हँडलच्या नळीवर अन् चाकाच्या बेअरिंगवर सरळ मारू देऊ नका, ग्रीस धुऊन जातं अन् पाणी आत बसतं.

कोनसेट पण चांगला असला तर चाकं. पुढचं चाक फिरवत ठेवा अन् फोर्कला टेकवून एखादी काडी रिमच्या अगदी जवळ धरा, रिम आउट असेल तर अंतर कमी-जास्त होताना डोळ्यांनी दिसतं. स्पोकच्या चाकाचा आउट तारा ओढून काढता येतो, अलॉय वाकलं असेल तर ठोकून सरळ करणाऱ्यांपासून जरा लांब राहा, तडा गेलेला वरून कळत नाही. मागं चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्यांचा) बुश बघा, मागचं चाक उचलून आडवं हलवलं अन् चाकाबरोबर चिमटा पण हलला तर बुश गेला, सगळी गाडी डोलण्याचा प्रकार इथूनच येतो बऱ्याचदा. चेन ओढताना दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवल्या नाहीत तर मागचं चाक तिरपं बसतं. खुणांवर पण फार भरवसा नको, लांब दोरा घ्या, मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी चिकटवून पुढपर्यंत ताणा, पुढचं चाक सरळ ठेवल्यावर दोन्हीकडचं अंतर सारखं आलं पाहिजे. आणि गाडी कधी पडली असेल, जोरात नाही, नुसती आडवी जरी, तर फोर्क टी मध्ये, म्हणजे दोन्ही पाईप पकडणाऱ्या जोडात, पिळलेला असू शकतो: गाडी सरळ चालते पण हँडल वाकडं दिसतं. हा पीळ काढायला नवीन काही लागत नाही, एक्सल अन् टीचे बोल्ट ढिले करायचे, फोर्क चार-पाच वेळा दाबून मोकळा करायचा, मग पुन्हा आवळायचे.

यातलं काहीच सापडलं नाही अन् तरी गाडी डोलते, तर मागं काय बांधलंय ते बघा. दुधाचे कॅन, सरकी पेंडेचं पोतं, खताची गोणी, वर मागं माणूस. बऱ्याच कम्युटर गाड्यांना कंपनीनं सांगितलेला भार माणसांसकट १३० ते १५० किलोच्या आसपास असतो, आपण तेवढं नुसतं कॅरिअरवर टाकतो. वजन मागच्या एक्सलच्या मागं गेलं की पुढचं चाक हलकं होतं, त्याची पकड कमी होते, आणि मागं लोंबणारं वजन एकदा झोका घ्यायला लागलं की थांबत नाही. तेच वजन खाली अन् शक्य तितकं पुढं, सीटच्या जवळ सरकवून घट्ट बांधलं की निम्मी डोलणी तिथंच जाते. मोठी टॉप बॉक्स लावून सोलापूर-धुळे हायवेला ऐंशी-नव्वदनं जाणाऱ्यांना पण हेच लागू.

आता शॉकअप. यात दोन वस्तू दोन वेगळी कामं करतात आणि लोक दोघांना एकच समजतात. स्प्रिंग वजन पेलते अन् धक्का साठवते. ऑइल तो साठवलेला धक्का बारीक भोकांतून वाहताना उष्णतेत जिरवतं. नुसती स्प्रिंग असती तर एका गतिरोधकानंतर गाडी पुढच्या गावापर्यंत उड्या मारत गेली असती. आपल्याकडं काळ्या मातीवरचे रस्ते आहेत, ती पावसात फुगते उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं खड्डा नसला तरी डांबराला लाटा येतात, त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालून चाकोऱ्या पडतात. लाटेवर ऑइलचं काम जास्त, खड्ड्यावर स्प्रिंगचं. म्हणून लाटांवर गाडी नावेसारखी वर-खाली होत राहते अशी तक्रार असेल तर स्प्रिंग कडक करून उपयोग नाही, उलट जास्त उडेल.

सगळ्यात मोठा गैरसमज प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याचा. मागच्या शॉकअपच्या बुडाला खाचा असतात, पान्यानं फिरवून पाचव्या खाचेवर टाकलं की "शॉकअप कडक केला" म्हणतात. स्प्रिंग तेवढीच कडक राहते. समजा स्प्रिंग अशी आहे की २ किलो वजन टाकलं की १ एमएम दबते. तिला १० एमएम आधीच दाबून ठेवली तर पहिले २० किलो पडेपर्यंत ती हलणारच नाही, पण त्याच्या पुढं पुन्हा प्रत्येक २ किलोला १ एमएम, पहिल्यासारखंच. म्हणजे प्रीलोडनं बदलते ती गाडी कुठल्या उंचीवर बसते ती. वेढे एका बाजूला दाट असलेल्या स्प्रिंगमध्ये जरा फरक पडतो, पण मूळ हिशोब हाच.

मग प्रीलोड किती ठेवायचा? यासाठी सॅग, म्हणजे वजनानं गाडी किती खाली बसते ते, मोजतात, शिंप्याची टेप अन् दोन माणसं पुरतात. मागचं चाक अधांतरी करून एक्सलच्या मधापासून वर सरळ रेषेत सीटखालच्या एखाद्या ठिकाणापर्यंत अंतर मोजा, तिथं खडूनं खूण करा. मग गाडी जमिनीवर, तुम्ही रोजच्या कपड्यात, हेल्मेटसकट, पाय फूटरेस्टवर, एकानं गाडी धरलीय, दुसरा तेच अंतर मोजतोय. दोन्हीतला फरक म्हणजे रायडर सॅग. शॉकअप आतल्या घर्षणानं थोडा अडकतो म्हणून एकदा दाबून सोडून अन् एकदा उचलून सोडून असं दोनदा मोजा, मधला आकडा धरा. एकूण हालचालीच्या चौथा ते तिसरा भाग आला तर बरोबर. पुढं १२० एमएमची हालचाल असेल तर ३० ते ४०, रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ सारख्या गाडीला पुढं २०० एमएम आहे तिथं ५० ते ६५. सॅग फारच कमी असेल तर चाक खड्ड्यात खाली उतरूच शकत नाही, ते वरून उडी मारतं, अन् उडालेलं चाक म्हणजे पकड गेलेलं चाक.

अन् आता जरा डोकं लागतं. रायडर सॅग बरोबर आणला, मग तुम्ही उतरून नुसत्या गाडीचा सॅग मोजला. तो मागं साधारण ५ ते १५ एमएम यायला पाहिजे. तो शून्याच्या जवळ आला, गाडी हातानं उचलली तर शॉकअप हलतच नाही, तर बहुतेकांना वाटतं स्प्रिंग फार कडक आहे. उलट आहे, स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ पडतीय, म्हणून तिला इतकं आवळावं लागलं. नुसत्या गाडीचाच सॅग खूप येत असेल तर स्प्रिंग कडक आहे. नव्वद किलोच्या माणसानं साठ किलोच्या मित्राचा "भारी सेटिंग" जसाच्या तसा घेऊ नये तो याच्यामुळं. स्प्रिंग बदलायची का हा निर्णय या दोन आकड्यांवर घ्या, दुकानदाराच्या शब्दावर नाही.

पुढच्या फोर्कमध्ये आधी ऑइल. वीस-तीस हजार किलोमीटर झाले, ऑइल कधीच बदललं नाही, खाली काढलं तर काळं, पातळ, वासानं मळमळणारं निघतं. सांगितलेल्या ग्रेडचं, दोन्ही पाईपात मोजून सारखं भरा, एकात जास्त एकात कमी नको. पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर अन् फोर्क पूर्ण दाबलेला. कडक पाहिजे म्हणून जाड ऑइल घातलं तर फोर्क सावकाश वर येतो, लाटांवर बरं वाटतं, पण धारदार खड्ड्यावर ऑइल भोकातून पटकन जातच नाही अन् झटका सरळ मनगटात येतो. एक पायरी जाड करून बघा, १०डब्ल्यू असेल तर १५डब्ल्यू, एकदम दोन पायऱ्या नको. सील गळत असेल तर लगेच नवीन टाकायच्या आधी धूळ अडवणारं डस्ट सील वर सरकवून जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पातळ पट्टी पाईप अन् सीलच्या मधून गोल फिरवा, बऱ्याचदा आत अडकलेला चिखलाचा कण निघतो अन् गळणं थांबतं. पाईपवरच गंज किंवा ओरखडा असेल तर मात्र नवीन सील पण टिकणार नाही. आणि गळतं ऑइल डिस्कवर उतरतंय का ते आधी बघा, ते उतरलं तर पुढचा ब्रेक गेला समजा.

मागं बदलायचेच असतील तर दोन्ही सोबत, अन् लांबी मूळ जितकी तितकीच. उंचीवाल्या शॉकअपचा घोळ इथंच आहे. दोन चाकांतलं अंतर साधारण १३०० एमएम धरा. मागचा भाग २५ एमएम वर आला तर अख्खी गाडी पुढं एक डिग्रीहून थोडी जास्त झुकते, फोर्क तेवढा उभा होतो, ट्रेल साधारण सहा-सात एमएमनं कमी होतो. म्हणजे गाडीला सरळ ठेवणारी जी ओढ होती तीच आपण पैसे देऊन कमी करून घेतली. चाकोरीत पुढचं चाक गेलं की ती लगेच नाचायला लागते. फोर्क टीमधून वर सरकवून पुढचं खाली करणारे पण हेच करतात, फक्त दुसऱ्या टोकानं. गॅसचा डबा असलेल्या शॉकअपचा फायदा खरा आहे, खराब रस्त्यावर सतत चालून ऑइल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो अन् दम संपतो, नायट्रोजनच्या दाबामुळं तो फेस होत नाही. पण बाजारात नुसता रंगीत डबा चिकटवलेले पण मिळतात, आत काहीच नाही. त्यापेक्षा कंपनीचा नवीन जोड कितीतरी बरा, गाड्यांना मूळचे शॉकअप पुरवणारी एन्ड्युरन्स तर १९८५ पासून आपल्याच संभाजीनगरात आहे. आणि खऱ्या गॅसवाल्या शॉकअपला उघडायला, वेल्डिंग करायला लेथवाल्याकडं नेऊ नका, आत दाब असतो, माणूस मरू शकतो.

स्टीअरिंग डँपर, म्हणजे हँडलची फडफड दाबणारा छोटा शॉकअप, लावून वळवळ थांबते, खरंय. पण कोनसेट खाच पडलेला असताना लावला तर दुखणं झाकलं जातं अन् वाढत राहतं. सगळं तपासून झाल्यावर, जास्त स्पीडच्या गाडीला, तेव्हाच.

मांजरसुंब्याच्या घाटातून उतरताना किंवा हायवेला ट्रकच्या वाऱ्यात हँडल अचानक हलायलं तर काय करायचं ते पण सांगून ठेवतो. हँडल घट्ट दाबून धरू नका, ताठ झालेले हात तो झोका अजून वाढवतात. पुढचा ब्रेक नको, थ्रॉटल एकदम सोडायचं पण नाही, हळूहळू कमी करा. गुडघ्यांनी टाकी आवळा, अंग थोडं पुढं झुकवा म्हणजे पुढच्या चाकावर वजन येतं, हात नुसते टेकवलेले. बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदात शांत होतं.

आणि काम करून घेतल्यावर एकावेळी एकच बदल, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच हवेत अन् तेवढ्याच वजनात चालवून बघा, टायर, ऑइल अन् शॉकअप एकाच दिवशी बदलले तर फरक कशानं पडला ते कळायला मार्ग राहत नाही. नवीन कोनसेटच्या वाट्या पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात अन् थोडा खेळ येतो, म्हणून तेवढं चालल्यावर पुन्हा मिस्त्रीकडं जाऊन चाक अधांतरी करून तपासून घ्या, ढिला निघाला तर चिमूटभर आवळायचा, जास्त नाही.